आईच्या गाण्याचे शेवटचे कडवे

मी, बेर्त्सेश रोझालिया, शाळामास्तर कै. बेर्त्सेश आगोश्टोन यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार फेल्शोसिल, माझ्या पश्चात काय व्हावे ते स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. नणंद व्हिल्मा वेगळे सांगेल. ते ऐकू नये.

१. राहते घर व मागची द्राक्षबाग शेजारीण तेरका हिला द्यावी. व्हिल्माचा त्यावर काडीचा हक्क नाही. कारण लिहिते.

नदीपल्याड गेलेल्या मुलाचे एक गाणे माझी आई म्हणायची. नवऱ्याने ते गावच्या गायकवृंदासाठी चार आवाजांत बांधले. काम उत्तम होते, ते नाकारणार नाही. पहिले आणि शेवटचे कडवे मी एकटीने उचलायचे, मग सगळ्यांनी मिळायचे. खालून पुरुषांचे आवाज पुरासारखे चढत यायचे.

छप्पन्नचा उठाव चिरडल्यावर त्या हिवाळ्यात आमचा मुलगा बालिंत सीमा ओलांडून गेला. पुढे जिल्ह्याच्या संगीतमेळ्याचे बोलावणे आले, सोबत वरचा हुकूम: शेवटचे कडवे बदला, मुलगा परत आलेला दाखवा.

"रोझा, चार ओळींचा तर प्रश्न आहे," नवरा म्हणाला.

"चार ओळींनी तुमचा मुलगा परत येत असेल, तर रोज गाते."

व्हिल्मा मध्ये पडली. "वहिनी, नाटकं पुरे! पोरगं तुमचं पळालं, आणि भोगायचं माझ्या भावानं?"

मंचावर मी आईचेच शब्द गायले: "दार लाव, आई, नदीने नेलेले कुणाला परत मिळाले?" वृंदात कुणी तोंड उघडले नाही. एकट्या तेरकाने सूर मिळवला.

आम्हा दोघींना काढले. नवऱ्याचीही उचलबांगडी झाली आणि वृंद व्हिल्माच्या हाती गेला. बदललेल्या कडव्यावर तिने राजधानीत बक्षिसे घेतली. नवरा त्यानंतर अठरा वर्षे जगला, पण माझ्याशी बोलला नाही. जेवताना कुत्र्याकडे बघून म्हणायचा, "सांग तिला, सूप अळणी आहे."

२. पियानो व्हिल्माला. आतून उंदरांनी खाल्ला आहे. दुरुस्त न करता पोचवावा.

३. मुलगा बालिंत, टोरांटो, याला वडिलांचे घड्याळ. मागे तो येऊन गेला तेव्हा मी स्वयंपाकघरात ते गाणे गुणगुणत होते. म्हणाला, "छान आहे गं आई. कुणाचं?" त्याला याहून जास्त काही देणे होत नाही.

४. माझ्या दफनाला वृंदाने गाऊ नये. व्हिल्मा काळे कपडे घालून रांग घेऊन येईलच. फाटकावरूनच परत पाठवावी. तेरकाला वाटले तर तिने गावे.

५. नवऱ्याच्या थडग्यावर व्हिल्माने मला न विचारता माझेही नाव व जन्मवर्ष कोरून घेतले आहे. मला तेथे पुरू नये, आईशेजारी पुरावे. त्या दगडावर मृत्यूचे वर्ष कोरू नये. येणारे-जाणारे विचारतील, ही बाई अजून जिवंत आहे का? उत्तर व्हिल्माने द्यावे.

वरील मजकूर साक्षीदारांसमक्ष वाचून सही केली.

बेर्त्सेश रोझालिया

साक्षीदार:
केलेमेन ओस्कार, पोस्टमास्तर
दुदाश अपोलोनिया, सुईण

फेल्शोसिल, ९ नोव्हेंबर १९७८