शाळा सोडल्याचे कारण

सांगली,
६ ऑगस्ट २०२५

प्रिय रेश्मा,

परवा तुझ्या आईचा फोन आला. तू सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसते आहेस आणि त्यासाठी आमच्या शाळेचा दाखला हवा आहे, म्हणाली. म्हणून हे पत्र. तिनं दाखला मागितला नसता तर ऑक्टोबरात मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून निवृत्त होऊन मी न लिहिताच मोकळी झाले असते. चार वर्षं नाताळला करंज्यांचा डबा साताऱ्याला पाठवते आणि तो धुऊन, पुसून, रिकामा परत येतो. ते उत्तर मला कळत होतं.

दाखला लिहायला मी आमच्या लिपिकांना, नानासोंना, सांगितलं. एका रकान्याशी ते अडले. "बाई, शाळा सोडल्याचं कारण काय लिवू? पालकांची इच्छा, आसं टाकू का? समदे त्येच टाकत्यात." मी म्हटलं, ठेवा, मी लिहिते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शांतवन गेला तेव्हा तू नववीत होतीस. माझा धाकटा भाऊ, आणि त्याच्या मातीला मी फाटकाबाहेर उभी. पाळकसाहेबांनी तोंडावरचा मास्क न काढता वचन वाचलं, गीत कुणी म्हटलंच नाही. पाठोपाठ तुझी आई आजारी पडली, घरात एकटी राहिली आणि तू पंधरा दिवस माझ्याकडे आलीस. त्यातल्या एका दुपारी तांदूळ निवडताना, ताटावरची नजर न उचलता, तू म्हणालीस, "आत्या, प्रार्थनेला मी नुसते डोळे मिटते. पप्पांसाठी किती मागितलं. आता तो आहे असंच वाटत नाही मला. आईला सांगू नका." नाही सांगणार, असं मी म्हटलं. मी शब्द दिला होता.

त्याच शुक्रवारी चर्चच्या स्त्री-सभेची प्रार्थना फोनवर होती. चाळीस घरं जोडलेली. माझी पाळी आली आणि मी तुझं नाव घेतलं. हे प्रभू, आमची रेश्मा तुझ्यावरचा विश्वास गमावून बसली आहे, तिला परत आण. चहूकडून आमेन, आमेन. तुझी आईही ऐकत होती. बंद खोलीत, तापात, नवऱ्याला जाऊन महिना झालेला, आणि लेकीच्या मनातलं तिला चाळीस बायकांबरोबर कळलं. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. तूही नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीस आणि आईच्या दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसलीस.

तू दहावीत गेलीस, शाळा उघडली तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. प्रार्थनेच्या रांगेत सोनियानं तुला विचारलं, "व्हय गं, तू देवाला मानत न्हाईस म्हणं? मग हात कशाला जोडलेयस?" मुली हसल्या. मी चार पावलांवर होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "रांग सरळ करा," आणि पुढे गेले. अकराव्या दिवसापासून तू आली नाहीस. महिन्याभरात तुम्ही दोघी साताऱ्याला मामाकडे गेलात.

लोकांना वाटलं, आत्यानं काळजीपोटी केलं. मीही तसंच म्हणत आले. पण खरं ते नाही. त्या शुक्रवारी देवाशी बोलायला माझ्याकडेच काही नव्हतं. भाऊ गेल्यापासून माझंही तोंड आतून बंद होतं. बायका मात्र माझ्या प्रार्थनेची वाट पाहत होत्या. पस्तीस वर्षं मीच सांगते आहे ना, कसं बोलावं ते. मला काहीतरी बोलायचं होतं. तुझं हाताशी होतं, ते वापरलं. जे स्वतःबद्दल म्हणायची हिंमत नव्हती, ते तुझ्या नावानं म्हटलं.

काल त्या रकान्यात मी लिहिलं, "मुख्याध्यापिकेने विद्यार्थिनीची खाजगी गोष्ट उघड केल्यामुळे." नानासो वाचून म्हणाले, "बाई, ह्यो कागद पोरगी धा ठिकाणी दावणार. परत्येक जण इचारंल, कंची गोष्ट?" मी खुर्चीत बसले. माझं मन हलकं करायला मी पुन्हा तुलाच चारचौघांत उभं करत होते. तो कागद फाडला. नव्या दाखल्यावर सगळे टाकतात तेच कारण आहे. ते खोटं आहे आणि तू ते घेऊन जा. खरं कारण तुझं आहे. ते कुणाला सांगायचं, की कुणालाच नाही, हे तू ठरव. ते तुझ्या हाती देण्यासाठी हे पत्र. क्षमा मागत नाही, कारण मागितली की ती देण्याचं ओझं तुझ्यावर येईल.

तुझीच,
एस्तेरआत्या

माझ्या वहीतली नोंद: ७ ऑगस्ट, सकाळी दहा, सांगली एस.टी. स्टँड. रेश्माच्या आईकडे दिले: मूळ दाखला एक, नववीचे गुणपत्रक एक, पाकीट एक, चिकटवलेले. पाकिटात काय आहे ते तिने विचारले. सांगितले नाही.