‘आ-ईम’चे दोन तुकडे

प्रिय लेओन्तीनताई,

कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (एक्स-रे पाठवू नकोस. निवृत्त झालो तरी मी गुरांचाच डॉक्टर.) मी मजेत आहे, कारण माझं नाटक झालं. म्हणजे, झालं असं लोक म्हणतात.

गावच्या जत्रेसाठी मी पद्यात नाटक लिहिलं, ओळीला मोजून बारा अक्षरं. नायिका गिस्लेन, आपली पाववाली. नायक फुल्बेर पोस्टमन. होय, तोच, तिचा माजी नवरा. गावात पाठांतर टिकणारी माणसं दोनच, मी तरी काय करू? शेवटच्या अंकात आधी त्याने आणि मग तिने म्हणायचं होतं, ‘आपण एकमेकांचा द्वेष केला.’ त्यासाठी मी फ्रेंच क्रियापदाचं जुनं रूप घातलं, ‘आ-ईम’. (बोलण्यातून ते कधीच गेलंय, पण पद्यात कसं भारदस्त दिसतं!) त्यातल्या ‘ई’च्या डोक्यावर दोन ठिपके असतात, ते एवढ्याचसाठी की ‘आ’ आणि ‘ई’ सुटे म्हणावेत. फुल्बेर नेमके ते ठिपके गिळायचा आणि एका दमात ‘एम’ म्हणायचा. ‘एम’ म्हणजे प्रेम! ओळीत एक अक्षर कमी आणि नाटकाचा अर्थ उताणा.

तालमी बेकरीच्या मागच्या खोलीत चालत. ‘आ! मग ईम! दोन तुकडे आहेत, एक नाही,’ गिस्लेन पिठाने माखलेले हात नाचवत ओरडायची.

‘तेच म्हणतोय की. एम.’

‘अरे, संसारभर भांडलास, कोर्टात गेलास, आणि साधं द्वेष केला म्हणता येत नाही तुला?’

‘जीभच वळत नाही, त्याला मी काय करू?’ म्हणून फुल्बेर कान लाल करून बसायचा.

पण गडी जिद्दी. टपाल वाटताना दारोदारच्या कुत्र्यांवर तो ‘आ-ईम’ म्हणून खेकसू लागला. प्रयोगाच्या दिवशी त्याने ते असं स्वच्छ म्हटलं की मला पडद्याआड भरून आलं. दाढ उपटून घेतल्यासारखा चेहरा करून तो उभा राहिला. आता गिस्लेनची पाळी. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, ‘एम.’

‘दोन तुकडे!’ मी आडून ओरडलो.

‘गप रे आन्सेल्म,’ ती भर रंगमंचावरून म्हणाली आणि पुन्हा, ठणठणीत आवाजात, ‘एम.’

फुल्बेर पुढचं सगळं विसरला. त्या ओळी राहिल्याचं माझ्याखेरीज कुणाला जाणवलंही नाही. प्रयोगानंतरच्या जेवणात दोघं एकाच ताटलीतून सॉसेज-मसूर खात होते.

सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझा,
आन्सेल्म

ता. क. दोघं पुन्हा लग्न करताहेत आणि गिस्लेनला साक्षीदार म्हणून तूच हवी आहेस. (तिची वकील म्हणून घटस्फोट तूच मिळवून दिलास, आता नाही म्हणायला तोंड नाही तुला.) कोर्टात तू फुल्बेरला ‘मुका खांब’ म्हणाली होतीस, ते तो विसरलाय. असं तो रोज सांगतो.

आणखी ता. क. काल नगरपालिकेत नावं द्यायला गेलो, तेव्हा लग्न लावणाऱ्या महापौरबाईंनी गमतीने त्याला लग्नातला प्रश्न आधीच विचारून पाहिला. म्हणायचं फक्त ‘वी’, म्हणजे हो. एवढ्या तालमी झालेल्या! पठ्ठ्या ताठ उभा राहून म्हणाला, ‘ऊ-ई.’ मी चूक काढायला तोंड उघडलं, तर गिस्लेनने माझ्या पायावर पाय दिला.

‘असू देत दोन तुकडे,’ ती म्हणाली. ‘तेवढाच जास्त वेळ हो म्हणेल.’