म्हणे साखर धरत नाही

३ फेब्रु., सोम.
माझ्या पीएचडीच्या तीन वर्षांवर गाइड सरांनी एका वाक्यात पाणी ओतलं. 'तुझं प्रोटीन साखर धरत नाही. चॅप्टर काढ. शुक्रवारी तसा अहवाल विद्यापीठात जातोय, सही कर.' आणि चहा प्यायला लागले. साखर कारखान्यामागच्या मातीतले जिवाणू मी वेचले, साखर पकडून आत नेणारं त्यांचं प्रोटीन मी काढलं, नि ते साखरच धरत नाही? मग ते जगतात कशावर, भाषणांवर? सही केली न्हाई.

४ फेब्रु.
परत मोजलं. साखर (इथं माल्टोज) बसली की प्रोटीनची चमक बदलते. माल्टोज टाकलं. आकडा ढिम्म. आणखी टाकलं. ढिम्म.
घरी आई, 'रडून राहिलीस काहून?' म्हटलं रडत न्हाई, संताप आलाय. 'मग आधी जेव. उपाशीपोटी भांडता येत न्हाई.'

५ फेब्रु.
जवळा बाजार ते वसमत, एसटीत उभी. एक सीट रिकामी, पण कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून धरलेली. बाजूची बाई बसू देईना. जाम भांडले. भांडता भांडता गप्पच झाले. रिकामी दिसते, पण धरलेली आहे...
लॅबमध्ये पळतच गेले. प्रोटीन वेगळं करताना ते स्टार्च (साखरेच्याच साखळ्या) भरलेल्या नळीला, कॉलमला चिकटतं. सोडवायला आपणच माल्टोज ओततो. तेच त्याच्या खोबणीत बसून राहिलं, तर वरून टाकलेलं बसणार कुठं? आणि धरतच नसतं तर कॉलमला चिकटलं कसं, गाढवांनो? गाढवांत मी पण आले.
ते माल्टोज धुवून काढायला फ्रिजच्या थंडीत दोन दिवस डायलिसिस लागतं, म्हणजे प्रोटीन पातळ पिशवीत बांधून बाहेरचं पाणी बदलत राहायचं. इथं लाइट टिकत नाही, म्हणून फ्रिजवर सरांची चिठ्ठी: 'चार तास पुरे.' आमी सगळे मुकाट चार तास!

७ फेब्रु., शुक्र.
दोन दिवस धुतलं. लाइट गेली की कदमकाका (लॅबचे शिपाई) रसवंतीवरून बर्फ आणायचे. 'म्याडम, एवढ्यात लग्नाचे कपडे धुवून झाले असते.'
आज माल्टोज टाकलं. आकडा सरसर उतरला. धरतं! धरतं! काकांना मिठीच मारणार होते.
सरांना आलेख दाखवला. बराच वेळ बघितला. मग, 'म्हणजे संतोषचंही चुकलं म्हणायचं का? त्यावर माझा पेपर आहे.'
'व्हय सर, म्हणायचं.' निघून गेलं तोंडातून.
'अहवाल सकाळीच गेला. तुझ्या सहीवाचून.'
चोर तो चोर वर शिरजोर!
संतोषदादा माझ्या आधी इथं होता. प्रोटीन दुसरं, पण हेच चार तास. 'धरत नाही' लिहिलं गेलं, पीएचडी सोडली. आता डोंगरकडा गावात खताचं दुकान आहे.

८ फेब्रु.
विद्यापीठाला पत्र लिहिलं, आलेख जोडला. दादाचं नाव त्याला न विचारता कसं घालू? फोन केला. मागं गिऱ्हाइकांचा गलका. सगळं सांगितलं. मग म्हणाला, 'आता काहून सांगून राहिली, बाई?'
सॉरी म्हटलं. माझी काय चूक, पण म्हटलं.
फोन ठेवेल वाटलं. ठेवला न्हाई. गिऱ्हाइकाला म्हणाला, थांबा जरा. मग हळूच, 'माझ्या प्रोटीनच्या ट्यूबा हायत का गं अजून फ्रीजरमधी?'
आहेत, म्हटलं. तुझ्याच अक्षरातल्या.
सोमवारी ये म्हटलं. येतो म्हणाला न्हाई. येत न्हाई, असंही म्हणाला न्हाई.