एकशे वीस घरचा फिरिंदा

गुरुवार, २ फेब्रुवारी

परत "छान, अड्येरी"! प्रबंधाचं चौथं प्रकरण, बासष्ट पानं, आणि डॉक्टरसाहेबांचा शेरा दोन शब्दांचा. तोही पेन्सिलीने, कोपऱ्यात.

किसेम्बो माझा मार्गदर्शक. तो चौतीसचा, मी छप्पन्नची. सोळा वर्षांपूर्वी याच विद्यापीठात मी त्याला कीटकशास्त्रात नापास केलं होतं. तेव्हा मी लाल शाईची काटकसर केली नव्हती! मग पोरगं हॉलंडला गेलं, डॉक्टर होऊन युगांडात परत आलं, आणि आता मी त्याची विद्यार्थिनी. अजून मला पाहिलं की खुर्चीतून उठतो. "बस रे आराली," म्हटलं की बसतो. मी अड्येरी, तो आराली; आणि एकदा असं एम्पाको, म्हणजे लाडनाव, घेऊन हाक मारली की संपलंच, पुढे तोंडातून वाकडा शब्द निघत नाही. देवाने आम्हा तोरोच्या लोकांना बारा लाडनावं दिली आणि भांडायची सोय काढून घेतली.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

अधिष्ठात्यांचं पत्र आलं. तीस जूनपर्यंत ज्याच्याकडे डॉक्टरेट नसेल त्याला वर्ग नाही. प्रयोगशाळेत मदतनीस.

पत्र दोनदा वाचलं. अठ्ठावीस वर्षं शिकवतेय. उद्या काय बाटल्या धुवायच्या?

अत्वोकी चहा घेऊन आले आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई, बाटल्या मी घरी रोज धुतो. शिकवीन तुला." नवऱ्याला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून जीभ फार सुटली आहे.

शनिवार, ११ फेब्रुवारी

घाबरायचं कारण नाही, हे कागदावर लिहून ठेवते. सगळी माहिती गोळा झाली आहे. तळ्याकाठच्या गावांतली एकशे वीस घरं, आणि एकशे सतरा घरांचं उत्तर एकच — "राख चोळून ठेवलेल्या घेवड्याला भुंगे लागत नाहीत." हेच तर मी वीस वर्षं रेडिओवर सांगत आले. तिकडे मला राखवाल्या बाई म्हणतात! परदेशी न जाता, इथेच शिकून इथेच डॉक्टर झालेली या विद्यापीठातली पहिली बाई मीच असणार.

बायकांनी पाहुणचार काय केला! प्रत्येक घरी फिरिंदा. घेवडा भिजवायचा, दाणा न् दाणा सोलायचा, घोटायचा, वर तूप. तासन्‌तास बोटं झिजवायचं काम. एकशे वीस घरी एकशे वीस वेळा खाल्ला. चार किलो वाढले.

गुरुवार, २ मार्च

किसेम्बोच्या खोलीत त्याचा निळा ग्रंथ कपाटात वरच्या फळीवर असतो. हॉलंडची पदवी, सोनेरी अक्षरं. विषय मक्याची कोठारं, गावं माझीच, घरं दोनशे. मी म्हटलं, "आराली, दे की जरा. तुझ्या दोनशे घरांशी माझी एकशे वीस ताडून बघते."

"राहू द्या अड्येरी. जुने आकडे झाले ते."

विनय तरी किती! आईनेच लावलेलं वळण हे, हॉलंडने नव्हे.

रविवार, १९ मार्च

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

किसेम्बोला जेवायला बोलावलं होतं. सकाळी घेवड्याचा डबा उघडला तर दाण्यादाण्याला भोक! भुंगे डब्याच्या काठावर फिरायला निघालेले. राख मी स्वतः चोळली होती, जानेवारीत, या हातांनी. अत्वोकी डोकावून म्हणाले, "राखवाल्या बाईंच्या घरी?" मी त्यांना हाकललं. दुकानं बंद. पाहुणा तासाभरात दारात.

मग काय करणार? भिजत घातला, तरंगले ते फेकले, उरलेले सोलले, घोटले. फिरिंदा! साल गेली की भोकही गेलं. वर तूप जरा सढळ.

किसेम्बो जेवला. बोटं चाटत म्हणाला, "वा अड्येरी! राखेतला दिसतोय." मी म्हणायला तोंड उघडलं, "हो रे, आमच्याकडे भुंगे लागतच नाहीत."

आणि तिथेच थांबले.

एकशे वीस घरं. एकशे वीस वेळा फिरिंदा. अख्खा शिजवलेला घेवडा एकाही घरात मिळाला नव्हता.

अत्वोकी माझ्याकडे बघत होते. किसेम्बोही बघत होता. मग त्याने मान खाली घातली आणि पाणी मागितलं.

मंगळवार, २१ मार्च

आब्वोलीकडे गेले. तळ्याच्या वरच्या अंगाला राहते, ऐंशीची आहे, माझ्या यादीतलं पहिलं घर. बोडावाल्याने मोटारसायकलवरून चिखलात दोनदा पाडलं. पाठीला चिखल, अशीच दारात उभी राहिले आणि विचारलं, "खरं सांग आब्वोली, तुझ्या घेवड्याला भुंगे लागतात की नाही?"

म्हातारी हसत सुटली. "लागतात म्हणजे? नाचतात!"

"मग मागच्या वर्षी 'लागत नाहीत' असं का म्हणालीस?"

"अगं, तू एवढ्या लांबून आलीस. माझं एम्पाको विचारलंस, माझ्या चटईवर बसलीस, म्हणालीस राखेने भुंगे जातात ना? आता पाहुणीच्या पानात भुंगे वाढू की काय मी?"

"बाकीच्या बायका?"

"सगळ्यांचंच ठरलं होतं. राखवाल्या बाई भल्या आहेत, त्यांना वाईट वाटायला नको."

परतताना रडू आलं. आधी रागाने आलं. मग वाटलं, अख्ख्या तळ्याकाठाने मिळून मला जपलं, आणि त्याने जास्तच आलं.

गुरुवार, २३ मार्च

किसेम्बोला सगळं सांगितलं. एकशे वीस घरांची माहिती बाद. पुन्हा जायचं, विचारायचं नाही, मडकी उघडून दाणे मोजायचे.

त्याचा चेहरा उतरला. "अड्येरी, शंभर दिवसही नाहीत. सगळे असंच करतात. विचारतात, लिहून घेतात. परीक्षक काही गावात जाऊन बघत नाहीत."

"तुला माझ्या माहितीत काही खटकलं नव्हतं?"

त्याने टेबलावरचे कागद उगाच सरळ केले.

"आराली, मी तुला नापास केलं होतं तेव्हा तुला फायदा झाला की तोटा?"

"फायदा."

"मग माझा फायदा करायला काय होतं तुला?"

बिचारा. माझी नोकरी जाईल म्हणून घाबरतो. पण नुसतं लाजून संशोधन होत नाही! तिथल्या तिथे नियम केला. दर गुरुवारी दोन ते तीन, दार लावून, एम्पाको बंद. मी त्याला "डॉक्टर" म्हणायचं, तो मला "विद्यार्थिनी कोबुसिंगे". माझं लाल पेन त्याच्या हातात दिलं. हातात इंगळी दिल्यासारखा बघत होता.

मंगळवार, ४ एप्रिल

सहा घरं. सहाही ठिकाणी हसून स्वागत, आणि मडकं मात्र नेमकं शेजारी दिलेलं, किंवा वर ठेवलेलं, किंवा आजच धुतलेलं! दुसऱ्याच्या धान्यात हात घालणं म्हणजे तिच्या पेटीत हात घालणं. आणि सहाही घरी काय खाल्लं? फिरिंदा!

शनिवार, ८ एप्रिल

सुचलं! सुचलं!

घरचा डबा घेऊन गेले. आब्वोलीच्या अंगणात दहा-बारा बायका जमल्या होत्या. सुपात माझा घेवडा ओतला — भोकं, पीठ, भुंगे, सगळं. म्हटलं, "हा राखवाल्या बाईंच्या घरचा. याच्याहून वाईट कोणाकडे असेल तर दाखवा."

मग एक पोरसवदा सून फिसकन हसली. आब्वोली उठली. "हे काय भुंगे? थांब, माझे बघ!" आणि मडकंच उचलून आणलं. मग जी चढाओढ लागली! "हिचे बारीक आहेत, माझे गुटगुटीत!" "अगं, माझ्या भुंग्यांना नातवंडं झाली!" मी मोजतेय, लिहितेय, हसून हसून पोट दुखतंय. एका दुपारी अकरा मडकी.

जेवायला अख्खा घेवडा शिजवला होता. पहिल्यांदा! भोकांसकट खाल्ला. इतका गोड लागला.

गुरुवार, २७ एप्रिल

बासष्ट घरं झाली. गुडघे संपले.

दोन ते तीन. "डॉक्टर" म्हटलं की किसेम्बोचा चेहरा एवढासा होतो. इथे माणूस रुसल्याशिवाय एम्पाको टाकत नाही ना! पण आज त्याने एका पानावर लाल रेघ मारली. एक. मी टाळी वाजवली.

गुरुवार, १८ मे

आज मला चांगलंच झापलं! "विद्यार्थिनी कोबुसिंगे, हा निष्कर्ष तुम्हाला हवा आहे म्हणून लिहिलाय. आकडे असं म्हणत नाहीत."

मी लिहिलं होतं की राखेचा "थोडाफार उपयोग" होतो. होत नाही. दोन महिन्यांच्या वर अजिबात नाही. एकशे वीसपैकी एकशे नऊ घरं किडकी. ज्या अकरा घरांत दाणा शाबूत, तिथे घेवडा पिवळ्या जेरीकॅनमध्ये गच्च बंद करून ठेवला होता, आणि ही गोष्ट त्यांना मी शिकवली नव्हती.

वीस वर्षं रेडिओवर चुकीचं सांगितलं. हे आता माझ्याच प्रबंधात, माझ्याच नावाखाली छापून येणार. चार वाजता "थोडाफार" खोडलं.

पोरगा शिकवतो मात्र छान. निर्दय होतो आणि मग स्वतःच पाणी पितो. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त लागतं असं दिसतं.

गुरुवार, १५ जून

तोंडी परीक्षा झाली.

कंपालाहून आलेल्या परीक्षकबाई हसल्या म्हणून नाहीत. मागच्या बाकावर आब्वोली आणि तिच्या दोघी शेजारणी, ठेवणीतले सुवान नेसून. बाईंनी विचारलं, "पहिल्या एकशे वीस उत्तरांचं काय केलंत? फेकून दिली?"

"नाही. शेवटी परिशिष्टात जोडली आहेत. घेवड्याबद्दल त्यांतून काही कळत नाही. आमच्याबद्दल कळतं."

"आणि ही चूक तुमच्या लक्षात कशी आली?"

"मी स्वतः पाहुण्याशी खोटं बोलायला निघाले होते तेव्हा."

मागून आब्वोली मोठ्याने, "आम्ही ठरवून फसवलं हो बाईंना, त्यांचा दोष नाही!" सगळं सभागृह हसलं. परीक्षकबाईसुद्धा!

पास. किरकोळ दुरुस्त्या.

किसेम्बो हसला नाही. दाराजवळ उभा होता, चेहरा राखेच्या रंगाचा. समोसा दिला तो तसाच हातात धरून राहिला. आनंदाने होतं असं काही जणांना.

बुधवार, २८ जून

पदवीचं पत्र मिळालं. दोन दिवस राखून! वर्ग माझाच राहिला. अत्वोकींनी दारावर खडूने "डॉ. कोबुसिंगे" लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात "बाटल्या धुवून मिळतील."

गुरुवार, २९ जून

दोन वाजता दार वाजलं. किसेम्बो. आज यायचं काही कारण नव्हतं. माझ्या टेबलावर त्याने आपला निळा ग्रंथ ठेवला, आणि त्यावर माझं लाल पेन.

"दोनशे घरं," म्हणाला. "मीही नुसतं विचारलंच होतं. आणि दोनशे घरी पाहुणचार घेतला होता. तुमचं पहिलं प्रकरण वाचलं तेव्हाच मला कळलं होतं, अड्येरी."

मला वाटत होतं मान ठेवतोय.

तो उभाच होता. तोंडावर आलेलं आराली मी गिळलं, उठून दार लावलं आणि म्हटलं, "बसा, डॉक्टर."