इष्टलिंग गळ्यातच असावे

मी सिद्धाप्पा मलकप्पा बिराजदार, वय ६१, पूर्वी कापडगिरणीत जॉबर, मूळ गाव इंडी तालुक्यात, हल्ली राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहितो. घशाच्या कॅन्सरने आवाज गेला आहे, डोके शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही. घाई आहे ती माझीच.

१. दोन खोल्यांचे घर पत्नी चन्नम्मा हयात असेतो तिचे. पुढे मुलगा धोंडप्पा याचे, पण कलम ४ पाहावे.

२. माझा पाना आणि कात्री गिरणीतल्या मानसिंगला. त्याने दोनदा लांबवलीच होती, आता हक्काने न्यावी.

३. देह जाळू नये, बसवून समाधी द्यावी. शेजारी मायेचे आहेत, लाकडे आणायला धावतील. त्यांना आधीच सांगावे.

४. वकील म्हणतात, आजारपणाचे यात लिहू नका, मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. मरणाचे मी निभावून नेईन. त्याआधीच्या दिवसांची मला धास्ती आहे, म्हणून लिहिणारच.

गेल्या महिन्यात दवाखान्यात छातीचा एक्स-रे फोटो काढताना नर्सबाईंनी माझे इष्टलिंग उतरवून कपाटात ठेवले. आम्ही लिंगायत त्याच्या पूजेशिवाय पाण्याचा थेंब घेत नाही. चन्नम्माला कन्नडच येते. ती रडून हेच सांगत होती. डॉक्टरांनी धोंडप्पाला विचारले, आई काय म्हणते? तो म्हणाला, "काही नाही, घाबरलीय." माझ्या हाताला सलाईन, घशात आवाज नाही. दोन दिवस तोंड मिटून पडलो. रोगी हट्टी आहे, असे कागदावर लिहिले गेले. शेवटी दवाखान्यातल्या आया, वळसंगच्या सोजरबाई, ज्यांना कन्नड कळते, चन्नम्माचे बोलणे ऐकून ओरडल्या, "अवो, गळ्यातला देव काडून ठिवलाय, पानी कसं घेतील? आदी आनून द्या की!" पाच मिनिटांत काम झाले.

म्हणून अट. मला पुन्हा दवाखान्यात नेले तर प्रत्येक गोष्ट आधी चन्नम्माला विचारावी. ती बोलेल ते धोंडप्पाने काही न गाळता मराठीत सांगावे. तसे झाल्यास घर त्याचे, <s>नाहीतर मठाला.</s>

५. सोजरबाईंना लुगडे द्यायचे होते. पण त्या या कागदाच्या साक्षीदार, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणे. चन्नम्मा ते आजच देऊन येईल.

६. काल धोंडप्पाने हे वाचले. "अप्पा, चारचौघांत मला लई लाज वाटली की," असे तो म्हणाला, तेही मराठीत. मी चिडलो, ज्या पाटीवर लिहून बोलतो ती फेकली. मग रात्रभर डोळा लागला नाही. तो सहा वर्षांचा असताना गिरणीच्या दारात माझ्याशी कन्नड बोलला, म्हणून त्याला मीच थोबाडीत मारली होती. लोक हसतील, असे म्हणालो होतो.

सबब कलम ४ मधील शेवटचे दोन शब्द खोडले आहेत. खाडाखोड माझीच, शेजारी सही आहे. घर त्याचेच. बाकीचे त्याने ऐकावे, एवढी विनंती.

सही: सि. म. बिराजदार
सोलापूर, ९ फेब्रुवारी १९७६

आमच्यासमक्ष सही केली:
१. मुकुंद नारायण देशपांडे, वकील
२. सोजरबाई धोंडीराम माने, डाव्या हाताचा अंगठा