आधी स्वतंत्र चल

९ फेब्रुवारी, दुपार

चि. सूनबाईस,
पोटभर आशीर्वाद. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. गुडघा कुरकुरतो, पण तो तुम्ही असतानाही कुरकुरायचाच. दुकानाचं शटर उचलायला शेजारचा शिंपी हात लावतो. तुझ्या नवऱ्याला सांग, म्हणजे रोज फोनवर ओरडणार नाही.

काल तू विचारलंस, "बाबा, तेव्हा चार दिवस माझ्याशी अबोला का धरला होतात?" मी गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक आलं नव्हतं.

माझे कान तुला ठाऊक आहेत. दुरुस्तीला आलेला पंखा दुकानाच्या पायरीवर असतानाच त्याचं बेअरिंग गेलंय की आतली तारेची गुंडाळी, ते कळतं. या कानांच्या जिवावर फुटपाथवरून दुकानात आलो. तर त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून तुझा आवाज आला : "आधी स्वतंत्र चल ठरव, मग अवलंबून कोण ते बघू." मला वाटलं, सूनबाई चिरंजिवांच्या कानी लागल्या. आधी स्वतंत्र चल. ठरव. आणि अवलंबून कोण, तर म्हातारा. जेवताना मी मीठसुद्धा तुझ्याकडे मागितलं नाही, अळणी गिळलं.

शेवटी मीच म्हणालो, वेगळं बिऱ्हाड करा, माझी आडकाठी नाही. तू खोकला येईपर्यंत हसलीस. फोनवर संख्याशास्त्राची शिकवणी चालली होती म्हणे! चल म्हणजे बदलणारी गोष्ट, हे तू मला माझ्याच पंख्यावर शिकवलंस. आपण रेग्युलेटर फिरवतो तो स्वतंत्र चल; त्यामुळे वेग बदलतो तो अवलंबी. इतकं सोपं मला आयुष्यात कुणी समजावलं नव्हतं.

पण पोरी, 'वेगळं बिऱ्हाड' म्हणताच तुझं हसू मध्येच अडकलं, तेही या कानांनी ऐकलं. तुझ्या नवऱ्याला दुकानात गाठलं. तेव्हा कळलं, तिकडच्या कॉलेजने तुला शिकवायला बोलावलंय आणि तू नकार कळवणार आहेस. "बाबांना एकटं टाकून कसं जायचं?" असं म्हणालीस म्हणे. मी अवलंबून कोण ते शोधत होतो आणि रेग्युलेटर होऊन बसलो होतो मीच.

तुला रागावून बॅगा भरायला लावल्या. त्या गडबडीत आभार मानायचे राहिले. माझ्यासाठी कुणी असं काही सोडायला निघेल, याची मला सवय नाही गं. माझं सगळं मलाच करावं लागलं आजवर. म्हणून मीठ मागायच्या आधी संशय येतो.

वर्गात पोरं गप्प ऐकतात म्हणालीस. ऐकून छाती फुगली.

तुमच्या खोलीतला पंखा दुपारी चालू ठेवतो. त्याचं बेअरिंग कुरकुरतंय. दहा मिनिटांचं काम, पण करत नाही. भिंतीपलीकडे काहीतरी आवाज असलेला बरा.

हे वाचून लगेच तिकीट काढू नकोस. रेग्युलेटर आता तुझ्या हातात आहे. तो पुढेच फिरव.

तुझा अवलंबी,
बाबा