झोपेच्या परीक्षेत नापास

काळाचौकी, मुंबई

तीर्थरूप राजाराममामांना, भाचा चिंतामणी याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. (डोके ठेवले असे समजावे. मध्ये पोट येत असल्यामुळे प्रत्यक्षात ते गेली काही वर्षे तिथवर पोचत नाही.)

तुमचा खोकला, मामीचे गुडघे आणि गोठ्यातली नवी पाडी, तिघांची खुशाली कळवावी. इकडे आम्ही नवराबायको, मी आणि दर्शना, ठीक आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असे तुम्हाला वाटेल. मामा, फोनवर मी ‘हॉस्पिटल’ एवढा शब्द उच्चारला की तुम्ही फोन मामीच्या हातात देता, आणि मामी रडायला लागते. मग मला तब्येतीचे काही सांगताच येत नाही, उलट मीच तिची समजूत घालत बसतो. पत्र असे मध्येच दुसऱ्याच्या हातात देऊन गोठ्यात जाता येत नाही. (जाल म्हणा. पण परत आल्यावर ते तिथेच असेल.)

तर मूळ गोष्ट अशी, की मी पोट लहान करायचे ऑपरेशन करून घ्यायचे ठरवले आहे. बाहेरून दिसते ते नव्हे, आतले. जठर का काय म्हणतात ते कापून केळ्याएवढे करतात, मग माणूस दोन घासांत तृप्त होतो. आता तुम्ही म्हणाल की लग्नाच्या पंगतीत जिलब्या मोजायला दोन माणसे बसवावी लागायची तो चिंत्या एवढा शहाणा कसा झाला. शहाणा झालो नाही मामा, माझी अब्रू गेली. तीसुद्धा चार मोठ्या स्पीकरांतून गेली.

आमच्या मंडळाचे जुने खजिनदार दगडूशेठ मध्यंतरी वारले. मैदानात शोकसभा होती. साऊंड अर्थातच आपला, ‘चिंतामणी साऊंड सर्व्हिस’. आपला धंदाच असा की गणपतीपासून तेराव्यापर्यंत सगळीकडे आपण लागतो. भाषणे झाली आणि अध्यक्षांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहायला सांगितले. सगळे उभे राहिले. मी मिक्सरसमोर खुर्चीवर बसलेला. अशा वेळी आमचे काम एवढेच, की शांततेत स्पीकरमधून खरखर येऊ नये. आणि मामा, तेवढ्यात मला झोप लागली. मिक्सरपाशी घोषणेचा एक माईक असतो, तो चालू होता, आणि माझी मान बरोबर त्याच्यावर पडली.

पुढचे मला दीपकने सांगितले. (दीपक म्हणजे माझा धंद्यातला भागीदार. वायरी तो ओढतो, शिव्या मी खातो.) आधी सगळ्यांना वाटले जनरेटर बिघडला. दीपक धावत गेला, तर जनरेटर बंदच होता. अध्यक्षांनी एक डोळा उघडून आकाशात पाहिले, विमान आहे का म्हणून. पलीकडच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत माणसे येऊन उभी राहिली. शेवटी दीपकने मला गदागदा हलवले तेव्हा मी झोपेतच माईकमध्ये ‘हॅलो चेक, हॅलो’ म्हणालो. त्यानंतर मैदानात जे झाले त्याला श्रद्धांजली म्हणता येणार नाही.

मी उठून तडक दगडूशेठच्या बायकोकडे, गंगुबाईंकडे गेलो आणि हात जोडले. तर बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला म्हणाल्या, “चिंतामणी, ते गेल्यापासून आज पहिल्यांदा घरात असल्यासारखे वाटले रे. डिट्टो तसाच आवाज!” आणि मग हसणे थांबवून माझे मनगट धरले. “तेही असेच घोरायचे. मी त्या आवाजाला कंटाळायचे. मग एका पहाटे आवाजच आला नाही. तू डॉक्टरकडे जा. मला शब्द दे.” भर शोकसभेत विधवा बाईला शब्द दिला, आता पाळायला नको?

म्हणून, घोरणे या पोटापायीच असणार असे धरून, परळच्या एका हॉस्पिटलात डॉ. सौमित्र यांच्याकडे गेलो. बारीक अंगाचा, गोड बोलणारा माणूस. (पोटाच्या ऑपरेशनचे डॉक्टर नेहमी बारीकच असतात, हे जरा मनाला लागते.) त्यांनी वजन घेतले आणि म्हणाले की ऑपरेशनच्या आधी तुमच्या झोपेची तपासणी करावी लागेल. मी म्हटले, “डॉक्टर, बिघाड पोटात आहे. झोप माझी फर्स्ट क्लास. बसल्या बसल्या लागते, उभ्या उभ्या लागते, समोरचा बोलत असताना लागते.” ते म्हणाले, “तोच तर प्रॉब्लेम आहे.” वजनदार माणसाचा गळा झोपेत आतून मिटतो, श्वास थोडा वेळ बंद पडतो, मेंदू दचकून जागा करतो, पुन्हा झोप, पुन्हा बंद. रात्रभर हेच. म्हणजे माणूस झोपतो पण त्याची झोप होत नाही. आणि हे माहीत नसताना भूल दिली तर ऑपरेशननंतर श्वास परत सुरू होताना धोका. हे ऐकून मी घाबरलो नाही. फक्त पाणी मागितले.

झोपेची परीक्षा ही जगातली एकमेव परीक्षा असेल जिच्यात झोपला तो पास. संध्याकाळी दर्शना आणि मी हॉस्पिटलात दाखल झालो. पेशंटसोबत घरचे एक माणूस चालते, त्याला खोलीत सोफा देतात. दर्शनाने मला घालायला नवा लेंगा आणला होता, कारण रात्रभर कॅमेरा चालू असतो म्हणे. प्रिती नावाची नायगावची एक चुणचुणीत मुलगी आली आणि तिने मला वायरी लावायला सुरुवात केली. डोक्याला वायरी, डोळ्यांच्या कडेला वायरी, हनुवटीला, पिंढऱ्यांना, बोटाला चिमटा, नाकात नळी. छातीला पट्टा लागला. पोटाचा पट्टा मात्र पुरेना, तो दुसऱ्या पट्ट्याला जोडावा लागला. आरशात पाहिले तर मी म्हणजे आमच्या ॲम्प्लिफायरची मागची बाजू. मला राहवेना. मी तिला म्हटले, पोरी, ही काळी वायर अशी लोंबकळत ठेवलीस तर आवाजात ‘हम्’, म्हणजे घूं घूं येईल, टेप मार. ती म्हणाली, “काका, आज तुम्ही ऑपरेटर नाही. आज तुम्ही स्पीकर आहात. झोपा.”

झोप कुठली येतेय! खोलीत एवढी शांतता की माझे मलाच ऐकू येत होते. आमच्या चाळीत रात्री कुणाचा टीव्ही, कुणाचे भांडण, कुणाच्या बाळाचे रडणे, ढोलपथकाचा सराव, एवढे सगळे लागले की मला डोळा लागतो. इथे नुसता एसी. मी कुशीवर वळलो की भिंतीतल्या स्पीकरमधून प्रितीचा आवाज, “काका, बोटाचा चिमटा निघाला.” थोबाड खाजवले तर, “काका, गालाची वायर.” आयुष्यभर मी लोकांना स्पीकरमधून सूचना दिल्या, त्याची सगळी परतफेड त्या पोरीने एका रात्रीत केली. सोफ्यावर दर्शना मात्र पाठ टेकताक्षणी गाढ झोपली. शेवटी तिच्याकडे बघता बघता मलाही झोप लागली.

सकाळी मी खुशीत विचारले, “पास?” प्रिती आणि डॉ. सौमित्र दोघे एकमेकांकडे बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, “तपासणी फुकट गेली. मिसेसमुळे.” दर्शना चपापली. ती बिचारी म्हणाली, मी तर झोपले होते, मी कशाला हात लावला नाही. मग त्यांनी आम्हाला रात्रीचा व्हिडिओ दाखवला.

मामा, मी आधी माझे घोरणे ऐकले. धंद्याची सवय, तोंडातून निघून गेले की बेस फार आहे, जरा कमी करा. पण पुढे काय झाले ते ऐका. पडद्यावर मी घोरतोय, घोरतोय, आणि मध्येच आवाज बंद. पोट वर येतेय, खाली जातेय, पण वारा आत जात नाही. बघवत नव्हते. आणि तेवढ्यात सोफ्यावरून दर्शना, डोळे मिटलेले, कूससुद्धा न बदलता, म्हणते, “अहो!” लगेच मी मोठ्ठा श्वास घेतो आणि घोरणे सुरू. थोड्या वेळाने पुन्हा बंद. पुन्हा सोफ्यावरून, “अहो!” पुन्हा श्वास. रात्रभर हेच. प्रिती म्हणाली, “सर, मी काकूंच्या जवळ जाऊन बघितले. पूर्ण झोपेत होत्या. मी हाक मारली तर ओ दिली नाही, पण काकांचा श्वास थांबला की बरोबर बोलायच्या.”

दर्शना तर मानायलाच तयार नव्हती. “मी झोपेत बोलत नाही हो. माझ्या माहेरी विचारा.” लग्नाला बावीस वर्षे झाली. बावीस वर्षे मी अर्धवट जागेपणी ते ‘अहो’ ऐकत आलो आणि मनात म्हणत आलो की ही बाई झोपेतही माझ्या मागे लागते. दिवसा ‘अहो’ म्हणजे मिरच्या संपल्या, ‘अहो’ म्हणजे बल्ब बदला. रात्रीच्या ‘अहो’चा अर्थ मला डॉक्टरांनी सांगितला. मी व्हिडिओ बघताना नाक शिंकरले, ते सर्दीमुळे. एसी फार होता.

दुसऱ्यांदा परीक्षेला बसलो तेव्हा दर्शनाला खाली वेटिंग हॉलमध्ये बसवले होते. प्रितीने कडक शब्दांत सांगितले होते की वर आवाज येता कामा नये. या खेपेला मी नीट नापास झालो. श्वास किती वेळा थांबला तो आकडा मी मुद्दामच लिहीत नाही, मामीला वाचून दाखवाल आणि ती रडेल. रक्तातला ऑक्सिजन खाली खाली जायला लागला तेव्हा प्रितीने मला उठवून नाकावर मास्क बसवला. मास्कला नळी, नळी मशीनला. मशीन हवा दाबून गळा उघडा ठेवते. मी पाच मिनिटे कुरकुर केली आणि झोपलो.

आणि मामा, सकाळी डोळे उघडले तर मला वाटले मी गेलो. खरेच. डोके जड नाही, डोळ्यांत वाळू नाही, अंग हलके. मेल्याशिवाय एवढे बरे कसे वाटेल? मी प्रितीला विचारले, “बाळ, मी आहे ना?” ती म्हणाली, “आहात काका, आणि काल रात्री शिस्तीत होतात.” त्या सकाळी मी परळहून काळाचौकीपर्यंत चालत आलो. मागून दर्शना, “अहो, हळू!” म्हणत होती. वजन तेवढेच होते, नुसती झोप झाली होती.

आता ते मशीन घरी आले आहे. पहिल्या रात्री मास्क लावून बसलो तर मजल्यावरची सगळी पोरे दारात गोळा झाली. एक कार्टे म्हणाले, “काकांना सोंड आली.” मी म्हटले, बरोबरच आहे. नाव चिंतामणी, पोट आधीपासून होतेच, सोंडेचीच कमी होती. तेव्हापासून दोघे जण रोज येताना पाया पडतात. त्यांना आशीर्वाद देतो. सकाळी शेजारच्या सीमावहिनींनी दार ठोठावले. रात्री भिंतीतून आवाज आला नाही म्हणून घाबरल्या होत्या बिचाऱ्या.

झोप उडाली ती दर्शनाची. मी शांत झोपलो की ती उठून बसायची आणि माझ्या पोटावर हात ठेवून बघायची, हलतेय का. आठवडाभर हे चालले. मग एका पहाटे मला जाग आली. बाहेर बादल्यांची गडबड, नळाला पाणी आलेले, आणि दर्शना गाढ झोपलेली. नळाचे पाणी आले, गेले, ती उठली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा दर्शनाचे पाणी गेले! अख्ख्या मजल्यावर चर्चा. मी सोंड काढून उशाशी ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो. बारीक घोरत होती. आवाज गोड आहे, ट्रेबल किंचित जास्त. मग शेजाऱ्यांकडून दोन बादल्या मागून आणल्या आणि चहा ठेवला.

डॉ. सौमित्र आता म्हणतात की गाडी रुळावर आली, ऑपरेशन करायला हरकत नाही. तारीख अजून ठरायची आहे. मला भीती वगैरे अजिबात वाटत नाही. तुम्ही काळजी करू नये. मामीला माझा नमस्कार, पाडीला थोपटणे.

तुमचा,
चिंतामणी

ता. क. मामीने गुपचूप फोन करून मला काहीही सांगितलेले नाही. परवाच्या भजनात तुम्ही पखवाज वाजवता वाजवता झोपलात, आणि अभंग संपून आरती सुरू झाली तरी पखवाज चालूच होता, हेही मला माहीत नाही. रात्री तुमचा आवाज बंद पडला की ती दिवा लावून बसते, हे तर तिने मुळीच सांगितले नाही. “झोपाक पण डॉक्टर होयो काय रे?” असे तुम्ही म्हणाल हे मला ठाऊक आहे. होयो. प्रितीकडे चोवीस तारखेला तुमचे नाव घालून ठेवले आहे. निमूटपणे निघून यावे.

ता. क. (दर्शना लिहिते) मामा, नमस्कार. पाकीट आणायला हे खाली गेलेत, म्हणून घाईत लिहिते. ऑपरेशनची तारीख कधीच ठरली आहे, येत्या पंचवीसला सकाळी. तुमची तपासणी करायची आहेच, ती दहा दिवसांनीही झाली असती. पण लहानपणी टॉन्सिल काढताना तुम्ही ह्यांचा हात धरून आतपर्यंत गेला होता म्हणे, ते ह्यांनी मला या आठवड्यात चार वेळा सांगितले. तुम्हाला बोलावूया का विचारले तर म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास. तुम्ही चोवीसलाच या. मामींनाही आणा, त्यांची झोप व्हायची आहे.